सतराव्यानंतरचा श्वास

खाजाभाई सुप्याच्या एमआयडीसीत दुधाच्या टाक्यांना आर्गन वेल्डिंग करतात. राहतात भिंगारला. वय चोपन्न. मी त्याच कारखान्यात स्टोअर सांभाळतो. मराठीत बीए झालोय, म्हणून ते मला मास्तर म्हणतात.

वेल्डिंगला लागणाऱ्या या आर्गन वायूला रंग नाही, वास नाही. हवेपेक्षा जड. टाकीत राहिला तर तळाशी बसतो आणि कळायच्या आत माणूस संपतो. म्हणून खाजाभाईंनी एक रीत पाडली होती. कमरेला दोर बांधून आत उतरायचं आणि मोठ्यानं बोलत राहायचं. बाहेर एकानं ऐकत थांबायचं. बोलणं थांबलं तर आत शिरायचं नाही. आधी हवेचा पाइप सोडायचा, मग दोर ओढायचा.

बोलायला त्यांनी मुलीच्या, फलकच्या, पुस्तकातली पहिली वीस मूलद्रव्यं पाठ केली. हायड्रोजन, हेलियम, लिथियम. वीस झाली की पुन्हा पहिल्यापासून.

"भुतं पळत्याल ही शाळा ऐकून," गहिनीनाथ फिटर म्हणायचा.

जेवताना ते मला समजावत. सोडिअमच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन. तो त्याला नकोसा. क्लोरिनला एकच कमी. एक देतो, एक घेतो, त्याचं मीठ होतं. मूलद्रव्यांच्या तक्त्यात उभ्या रांगेतले सगळे साधारण एका स्वभावाचे. शेवटच्या रांगेतल्यांची कक्षा भरलेली. ते सहसा कुणाशी जोडले जात नाहीत. आर्गन त्यांतला.

टाकीत ते त्याचं नाव घेत नसत. सतरावं क्लोरिन म्हणत, श्वासभर थांबत, मग एकोणिसावं पोटॅशिअम. मी कारण विचारलं होतं.

"आत आपन त्याच्या घरात असतो, मास्तर. तिथं त्याचं नाव घिऊ न्हाई."

गेल्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत गॅसचा कॉक पुरता बंद झाला नव्हता. कुणाच्या लक्षात आलं नाही. दुपारी खाजाभाई तळाचा सांधा पाहायला उतरले. मी टाकीच्या तोंडाशी होतो. आवाज स्वच्छ येत होता. फॉस्फरस. सल्फर. क्लोरिन.

मला त्या श्वासाची सवय झाली होती. मी थांबलो. पत्र्याला कान लावला. आत धडपड नव्हती. खोकला नव्हता. पत्रा गार होता. किती वेळ गेला, मला सांगता येत नाही.

मग मी हवा सोडली. गहिनीनाथला हाक मारली. दोघांनी दोर ओढला. खाजाभाईंचे ओठ निळे होते. चेहरा मात्र शांत, ऐकत असल्यासारखा. गहिनीनाथ छाती दाबत राहिला. बऱ्याच वेळानं श्वास आला.

चौथ्या दिवशी ते दवाखान्यात नीट बोलले. फलक उशाशी होती. गुदमरलं नाही, दुखलं नाही, म्हणाले. ते नावं घेतच होते. वीस झाली तरी थांबले नाहीत, पुढं गेले. पुढची त्यांना कधीच पाठ नव्हती.

मी विचारलं, मग कशी आली?

"आतून कुनीतरी सांगत हुतं. मी म्हनत हुतो. लई येळ." त्यांनी माझा हात धरला. "तू बाहीर हुतास. ऐकलंस न्हवं?"

फलक माझ्याकडे पाहत होती. मी हो म्हणालो.