चढावरचं चाक

अमेरिकेत मी राहतो त्या कॅरीहून तीन तास ड्राइव्ह करून मी सायकलची रेस बघायला गेलो होतो. चढाचा रस्ता दगडी फरसबंदीचा, दोन्ही बाजूंना घंटा वाजवणारी गर्दी. माझ्या शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एक अमेरिकन आजी सायकलचं सुटं चाक डोक्यावर धरून उभ्या होत्या. मधूनच ते खाली घ्यायच्या, अंगठ्यानं दाबून हवा बघायच्या आणि पुन्हा वर धरायच्या.

अशा दगडांवर हमखास पंक्चर होतं, म्हणून टीमची माणसं चाकं घेऊन थांबतात. पण हे चाक जुन्या पद्धतीच्या ब्रेकचं होतं. मला राहवेना. म्हटलं, "हल्लीच्या सायकलला हे बसणार नाही."

"माहितीये," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "माझ्या मुलाचं आहे. त्यानं रेसिंग कधीच सोडलं. पण कुणीतरी चाक घेऊन उभं आहे असं लांबून दिसलं, की पोरं न घाबरता येतात."

तेवढ्यात पोरं आलीच. आजींनी टाचा उंचावल्या.

दुसऱ्या दिवशी नागपूरला आईला फोन केला. "दमलास तर ये परत. तुझी खोली रोज झाडून ठेवते मी," ती नेहमीचंच म्हणाली.

इतकी वर्षं मी हसून विषय बदलत आलो. त्या दिवशी म्हटलं, "ठेव, आई."