बंगल्याची पोथी

नीराबाईला सुरावाचून वाचता येत नसे. अक्षरं सगळी येत, जोडाक्षरंसुद्धा. पण ओवीची चाल लागल्याशिवाय तिची जीभ हलायचीच नाही. दुकानावरची पाटी असो की कुणाचं पोस्टकार्ड, ती पोथीच्या चालीत म्हणायची आणि शेवटचं अक्षर लांबवायची. पोस्टकार्डात मयताची खबर असली, तर ऐकणाऱ्याला क्षणभर कळायचंही नाही की रडायचं आहे.

याला कारण तिचा नवरा, तुकाराम. देश स्वतंत्र झाला त्या साली मोतीबिंदूने त्याचे डोळे गेले. काशीदच्या अलीकडच्या कोळवाडीत पोथी वाचणारा तो एकटा. पोथी त्याला तोंडपाठ होती, पण पान समोर उघडं नसताना म्हणणं म्हणजे देवाला फसवणं, असं त्याचं मत. मग नीराबाई पोथी मांडीवर धरायची, तो ओवी म्हणायचा आणि ती ओळीवर बोट फिरवायची. असे दोन श्रावण गेले. तिसऱ्या श्रावणात तिच्या ध्यानात आलं, की बोट आता तुकारामाच्या जिभेच्या पुढे पळतंय. तेव्हा तिने पस्तिशी ओलांडली होती.

तुकाराम गेला तेव्हा पोथी तिच्याकडे आली. बाईमाणसाने वाचायची म्हणून चार जुने कोळी कुरकुरले, पण दुसरा वाचणारा आणायचा कुठून? जाताना तुकाराम तिला एवढंच म्हणाला होता, "काना-मात्रा बदलू नको, नीरे. शबुद आपला नसतो." तिने एकदाही बदलला नाही. वाडीत तिची पत होती ती तेवढ्यावर.

सत्तावन्न सालच्या कार्तिकात तिचा भाऊ शिवदास एक पुस्तक घेऊन आला. तो रेवसच्या लाँचवर खलाशी होता. कुणी उतारू ते बाकाखाली विसरून गेला होता. पुढची दोन-तीन पानं नव्हती, त्यामुळे नाव काय, लिहिलं कुणी, काही पत्ता नाही. नीराबाईने दुपारी ते सहज उघडलं आणि चालीत सुरू केलं.

त्या दिवसांत बोंबील बक्कळ होता. सकाळी होड्या लागल्या, की बायका वाळूत ढिगापाशी गोल बसत. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी वलांडीच्या, म्हणजे बांबूंच्या मांडवाच्या, दोरीवर सुकत टाकायची. हात गुंतलेले, कान रिकामे. नीराबाई वाचत असली की तिच्या वाट्याचा ढीग बाकीच्या उरकत.

पुस्तक होतं कुमुद नावाच्या गरीब मुलीचं. डोंगरावरच्या बंगल्यात एक जहागीरदार राहतो. त्याची पहिली बायको कशी गेली कुणाला ठाऊक नाही. वरच्या मजल्यावर एक खोली, तिला कायमचं कुलूप. जहागीरदार कुमुदशी लग्न करतो, तिला कोंडतो, तिची पत्रं जाळतो, चाबूक उगारतो. आणि मग खिडकीत उभा राहून सारंगी वाजवतो, डोळ्यांत पाणी आणून.

हे सगळं ओवीच्या चालीत. पहिलं प्रकरण संपलं तशी चंद्राबाईने बोंबलाने चिकट झालेले हात जोडले. मग सगळ्यांनीच जोडले. नीराबाई म्हणाली, "आगो, ही पोथी न्हाय. कादंबरी हाय."

"छापलेली हाय ना?" चंद्राबाई म्हणाली. "मंग झालं."

तेव्हापासून त्या कादंबरीचं नाव पडलं बंगल्याची पोथी.

बायकांनी नुसता उच्छाद मांडला. खोलीत काय असेल यावर रोज भांडण. चंद्राबाई म्हणायची, सोनं. रतन, जिचा नवरा वर्षातले आठ महिने मुंबईला भाऊच्या धक्क्यावर असायचा, ती म्हणायची, "पयलीचं मडं. लोनच्यासारखा मुरत घातला असंल."

"तुज्या तोंडात माती."

"माज्या तोंडात कशाला? जागीरदाराच्या तोंडात घाल. पन हलूच घाल गो, गोरा हाय तो." रतन उसासा टाकायची. "असा कोनी मना कोंडला असता तर मी कुलपाला तेल घातला असता."

हसू व्हायचं. केसर मात्र हसत नसे. केसर ही चंद्राबाईची थोरली. दोन वर्षांपूर्वी रेवसला हरेश्वरला दिलेली, दसऱ्याला माहेरी आली ती परत गेलीच नव्हती. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. धक्क्याच्या पायऱ्यांवरून घसरले, असं ती सांगायची. वाडीने ते ऐकून घेतलं होतं; विश्वास कुणी ठेवला नव्हता, विचारलंही कुणी नव्हतं. ती डाव्या हाताने जबडे अडकवायची. इतरांच्या चार जोड्या, तिची एक.

पुस्तक अर्ध्यावर आलं आणि नीराबाईला दिसू लागलं, की केसरचा चेहरा पालटतोय. आधी ती मान खाली घालून ऐकायची. आता जहागीरदाराचं नाव आलं की मान वर यायची. एकदा वलांडीपाशी दोघीच असताना ती म्हणाली, "काकी, तो मारतो, पन मंग वाजवतो ना?"

"वाजवतो."

"आमचा पन. मारल्यावर धक्क्यावरना भजी आनतो. गरम. सोता भरवतो." दोरीवर जोडी टाकत ती म्हणाली, "कुमुदनं सोसलं तर तो सुधरंल, न्हाय काकी? मना वाटतं मीच घाई केली."

पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी येतो, पोरीला तयार ठेवा, असा हरेश्वरचा निरोप येऊन पडला होता. मधे आठ दिवस होते. चंद्राबाईने सासरी पाठवायची सुक्या बोंबलाची टोपली भरायलाही घेतली होती. तिच्या मागे आणखी दोन मुली होत्या उजवायच्या. ती वाईट नव्हती. रोज वाचन संपलं की ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "बघा, सोसनाऱ्याचं भलं होतं. पोथी खोटं बोलत न्हाय." आणि केसरकडे बघायची.

शेवटी काय आहे, ते नीराबाईला माहीत नव्हतं. आधी वाचून बघावं तर मनातल्या मनात वाचणं तिला जमत नव्हतं. भिंतीला कान. शेवटी एका सकाळी सरपणाच्या निमित्ताने ती सुरूच्या झाडांत आत शिरली आणि अगदी हलक्या आवाजात शेवटची दोन प्रकरणं म्हणून काढली.

कुमुद ती खोली उघडते. आत पहिलीच्या साड्या, पहिलीचा आरसा. जहागीरदार कबूल करतो, की भांडणात जिन्यावर आपला हात लागला आणि ती पडली. तो कुमुदच्या पायांवर डोकं ठेवतो. कुमुद त्याचे केस कुरवाळते. प्रेमापुढे अंधार हरला, असं शेवटचं वाक्य.

नीराबाईने ते लांबवून म्हटलं आणि मग कितीतरी वेळ ती तिथेच बसून राहिली. सरपण गोळा करायचं राहूनच गेलं. हे वाचायचं? केसरसमोर? परवा हरेश्वर येणार. आणि न वाचावं तर चंद्राबाई म्हणणार, पोथी अर्धी टाकली, पोरीला अपशकुन केला.

दुसऱ्या दिवशी समाप्ती. चंद्राबाईने चक्क नारळ आणला होता. नीराबाईने घसा खाकरला. पुस्तक तिने गुडघ्यावर टेकवलं. खोली उघडेपर्यंत सगळं छापल्याप्रमाणे झालं. पुढे तिची नजर ओळींवरून उचलली गेली. कुमुद म्हणाली, मी राहणार नाही. कुमुदने चावी फेकली. कुमुद दार उघडून बाहेर पडली. पण चाल अडखळू लागली. ओवीला आयते शब्द लागतात, आणि नीराबाईला जन्मात शब्द जुळवायची सवय नव्हती. घाईघाईने तिने कुमुदला डोंगर उतरवला, लाँचवर चढवलं, तांडेलाने तिला हात दिला—

"थांब," रतन म्हणाली. "डोंगरावर लाँच कुठना आली?"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"खाली दर्या असंल," नीराबाई म्हणाली.

"येवढे दिस तं नव्हता. आनि तू पान उलटलंस न्हाय गो. मघापासना एकाच पानावर हाईस."

हसू थांबलं. बारा-पंधरा बायका, बारा-पंधरा जोड्या डोळे. चंद्राबाईच्या हातातला बोंबील तसाच राहिला. "नीरे," ती म्हणाली, "तू बदललंस?"

नीराबाईने मान खाली घातली. श्रावणातली पोथी वाचायचा मान आता गेला, हे तिला तिथल्या तिथे कळलं. "व्हय. छापलेलं येगलं हाय."

"का बदललंस?"

उत्तर केसरच्या दोन बोटांत होतं आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

"काकी," केसर म्हणाली, "छापलंय ते वाच."

नीराबाईने वाचलं. आता चाल सरळ लागली, आणि तेच भयंकर होतं. साड्या आल्या, आरसा आला, जिना आला. चंद्राबाईचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. केस कुरवाळले, अंधार हरला. चंद्राबाई नारळाकडे वळणार तोच केसर म्हणाली, "जिन्याचा परत वाच."

परत वाचलं.

"हात लागला म्हनतो?"

"तसंच छापलंय."

"पयलीचं नाव काय, काकी?"

नीराबाईने पानं मागे उलटली. बंगल्यात नोकर होता, त्याला नाव होतं. कुत्र्याला होतं. घोड्याला होतं. तिने चालीत पुटपुटत, बोट फिरवत पार उरलेल्या पहिल्या पानापर्यंत जाऊन पाहिलं. बायका थांबून राहिल्या. बोंबलांवर माश्या बसू लागल्या तरी कुणी हलेना.

"न्हाय गो. नुसती पयली."

"येवढ्या पानांत?" रतन म्हणाली. तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "कुत्र्याला नाव हाय नि तिना न्हाय?"

केसरने ओला हात लुगड्याला पुसला. "मी घसरले नव्हते," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही, ढिगाकडे बघत. "त्यानं ढकलली. वरच्या पायरीवरना. तिसऱ्या पायरीवर साखली हातात आली, तिच्यात बोटं अडकली म्हनून खाली गेले न्हाय. खाली भरतीचं पानी होतं." मग म्हणाली, "मंग त्यानं भजी आनली."

चंद्राबाई उठली आणि घरात गेली. नारळ वाळूतच राहिला.

हरेश्वर दुसऱ्या दिवशी दुपारी आला. रेवदंड्याची खाडी तरीतून ओलांडून, पुढे चालत. कोरं धोतर, केसांना तेल, जिभेवर साखर. चंद्राबाईने त्याला चहा दिला. बायका आज तिच्याच अंगणात ढीग घेऊन बसल्या होत्या; बसायचं कुणी ठरवलं नव्हतं. नीराबाईही होती, आपल्या वाट्याचा ढीग आपण उरकत.

"निघायचा ना?" हरेश्वर म्हणाला.

चंद्राबाई दारात उभी होती. नीराबाईला वाटलं, आता ही हो म्हणते. दोन मुली मागे आहेत, ही हो म्हणणार.

"धक्क्यावर काय झालता, जावईबापू?" चंद्राबाईने विचारलं.

"कुठं काय? घसरली ती." त्याने अंगणभर नजर फिरवली. कुणी मान खाली घातली नाही. "मंग... भांडन कुनाच्या घरात होत न्हाय? लागला असंल हात."

जबडे अडकवणारे हात एकदम थांबले.

"पोर येनार न्हाय," चंद्राबाई म्हणाली. ती दारातून हलली नाही.

"हे बरं न्हाय. मी चार मानसं घेऊन येईन. पंचात बसवीन."

"आन."

तो उठला. केसर आत होती. ओटीवर भरलेली टोपली होती. त्याने ती बघितली, घुटमळला, उचलून डोक्यावर घेतली आणि वाटेला लागला.

"टोपलीलाच आलता वाटतं," रतन पुटपुटली.

तो सुरूच्या झाडांआड जाईपर्यंत सगळ्या बघत राहिल्या. मग चंद्राबाई उंबऱ्यावर बसली.

"चार मानसं आनंल तो, नीरे."

"आनंल."

"तवा तू बसशील माज्या बाजूला? तुना ते आता खोटी म्हनतील. पोथी बदललीस म्हनतील."

"म्हनू देत," नीराबाई म्हणाली. "बसंन."

चंद्राबाईने थोडा ढीग आपल्याकडे ओढला. ऊन उतरायला लागलं होतं आणि निम्मा बोंबील अजून तसाच पडला होता.