तांब्यावर सुमन

गेल्या महिन्यात एका मंगळवारी माझी पत्नी सुमन वारली. तिची पुस्तकं मी इथे आखातातल्या मराठी वाचनमंडळाला दिली, आणि त्या पुस्तकांच्या कपाटावर तिच्या नावाची पट्टी हवी म्हणून अल खौदमधल्या आमच्या इमारतीखालच्या ट्रॉफीवाल्याकडे गेलो.

हा वसईचा गृहस्थ निरोपसमारंभांच्या ढाली कोरतो. म्हणजे यंत्र कोरतं आणि तो अठराव्या शतकातल्या, तांब्यावर चित्रं कोरणाऱ्या एका फ्रेंच कारागिराबद्दल बोलतो. त्याचं एक चित्र कॅलेंडरवर पाहिल्यापासून तो कारागीर याचा जवळचा नातेवाईक झाला आहे. ढाल उशिरा झाली की गिऱ्हाइकालाच ऐकवतो, "आमचा फ्रेंच एका बाईच्या रेशमी बाहीवर वर्ष घालवायचा. आणि तुम्हाला यल्ला, लवकर, उद्याच पाहिजे!"

माझ्यासाठी मात्र त्याने यंत्र बंद ठेवलं. "वहिनींचं नाव हाताने करतो, सर. फ्रेंच पद्धत."

आठवड्याने त्याने तांब्याची पट्टी पुढे केली. अक्षरं आरशातल्यासारखी होती.

"अहो, हे उलटं आहे."

"फ्रेंच उलटंच कोरायचा, सर."

"तो कागदावर छापायला कोरायचा. मला ही कपाटाला लावायची आहे."

मग त्याने पट्टीवर बूटपॉलिश फासलं, खाचांतलं तेवढं ठेवून वरचं पुसून काढलं आणि ओलसर कागद ठेवून अंगठ्याने बराच वेळ दाबत राहिला. 'सुमन' सरळ उमटलं. कोपऱ्यात त्याने स्वतःचं नाव सवयीने सरळ कोरलं होतं, ते उलटं आलं.

"खलास," तो म्हणाला. "माझं कोण वाचतंय?"

कपाटाच्या काचेमागे आता तो कागद आहे. तिचं नाव वाचता येतं.