उलट्या हँगरचा कायदा

कातरमावशींच्या घरी जाताना आपला रुमाल खिशात खोल ढकलून जायचं, अशी त्या जिन्यावरची रीत होती. गमतीत सुरू झालेली. एका विमावाल्याने म्हणे दाराशी छत्री ठेवली, चहा पिऊन बाहेर आला तर छत्रीच्या जागी काड्या आणि मावशींच्या हातात नवी काळी बाजाराची पिशवी. ही गोष्ट साफ खोटी आहे, छत्री आधीच मोडलेली होती आणि तो स्वतःहून टाकून गेला, असं मावशी शपथेवर सांगत. पिशवी मात्र खरी होती. अजून आहे.

त्या घरात कुठल्याच वस्तूला मरण नव्हतं, नुसते पुनर्जन्म होते. पँटची पिशवी व्हायची, पिशवीचं गरम भांडं धरायचं फडकं, फडक्याचा बुटाला पॉलिश मारायचा बोळा, आणि त्या बोळ्यालाही निरोप देताना मावशींचा हात जड व्हायचा. चादर मध्ये विरली की त्या ती उभी फाडायच्या, जाड राहिलेल्या कडा मध्ये आणून जोडायच्या आणि विरलेला भाग बाजूंना सारायच्या. चादर आणखी चार वर्षं चाले. फक्त झोपणाऱ्याच्या पाठीखाली बरोबर मधोमध शिवण येई. मावशींचा एकुलता एक मुलगा लहानपणापासून त्या शिवणीवर झोपला होता. म्हणूनच तो आयुष्यात कधी कुठल्याच बाजूला कलला नाही, असं जिन्यावरचे लोक म्हणत. लग्न झाल्यावर तर हा गुण त्याला फारच उपयोगी पडला.

या सगळ्या कारभाराच्या मुळाशी हँगरचा कायदा होता. वर्षाच्या सुरुवातीला घरातल्या सगळ्या कपाटांतले सगळे हँगर मावशी उलटे टांगायच्या, म्हणजे आकड्याचं तोंड आपल्याकडे. कपडा घातला, धुतला, परत टांगला, की हँगर सुलटा. वर्ष संपलं की मावशी मोठी कातर घेऊन कपाटं उघडायच्या. ज्याचा आकडा अजून आपल्याकडे तोंड करून बघतोय तो कपडा राहिला नाही. तो कापड झाला. त्यावर चर्चा नाही, रडारड नाही. मुलाची कॉलेजातली लाडकी जर्सी अशीच गेली. हल्ली तिच्यावर इस्त्री ठेवतात.

एकच गोष्ट या कायद्याबाहेर होती आणि ती कुणी बोलून दाखवत नसे. मावशींच्या स्वतःच्या कपाटात, दांडीच्या पार टोकाला, जुन्या उशीच्या अभ्र्याखाली त्यांच्या नवऱ्याचा करडा लोकरी कोट टांगलेला होता. नवरा गेल्यापासून त्याचा हँगर उलटाच. स्वतःच्या कपाटाची तपासणी मावशी स्वतः करत, आणि त्या टोकाला पोचायच्या आत त्यांना नेमकं गॅसवर ठेवलेलं काहीतरी आठवे.

तर त्या वर्षी तपासणीत सुनेच्या कपाटात एक कोट सापडला. निळसर, जाड, लाकडी बटणांचा. सुनेचं माहेर थंडीच्या गावातलं, तिच्या आईने स्वतः कित्येक हिवाळे घालून मग मुलीला दिलेला. इकडे तशी थंडी पडतच नाही. माहेरी जाताना घालायचा म्हणून ती तो जपून ठेवी. आकडा मावशींकडे बघत होता. मावशींनी आकड्याकडे बघितलं. सून ऑफिसात होती.

काम मात्र सुरेख झालं, हे शत्रूनेही मान्य करावं. सोफ्यावरच्या उश्यांना एकसारखे अभ्रे, कोटाचीच बटणं, कोटाचीच काजं, एक टाका वावगा नाही. समोरच्या दारातली नर्सबाई बघायला आली तेव्हा मावशींनी तिला उशी उलटीपालटी करून दाखवली. "दुकानातलं वाटतं," नर्सबाई म्हणाली. मावशींना याहून मोठी शिवी कुणाला देता आली नसती, पण हेतू चांगला होता म्हणून त्यांनी सोडून दिलं.

संध्याकाळी सून आली, पर्स ठेवली, सोफ्यावर टेकली. पाठीला बटण लागलं. तिने हात मागे नेऊन चाचपलं आणि हळूच उठली.

"आई, हे काय आहे?"

"अभ्रे. नीट टेकून बस, ऊब आहे त्याला."

"माझा कोट कुठंय?"

"आत्ता त्यालाच टेकली होतीस."

मुलगा तेवढ्यात पाणी प्यायला उठला, आणि असा गेला की विहीर खणूनच परत येईल.

सून ओरडली असती तर मावशींना सोपं गेलं असतं. ओरडणाऱ्या माणसाला गप्प बसून हरवता येतं. पण ती अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "मागच्या हिवाळ्यात मी माहेरी का गेले नाही, आठवतंय ना?"

मावशींना आठवत होतं. पडदे उतरवायला त्या स्टुलावर चढल्या होत्या, पडद्यांचे झगे करायचे होते. स्टूल सरकलं, मनगट मोडलं. सुनेने साठवलेली रजा सगळी त्यात गेली. वेणी घालण्यापासून भात कालवून देण्यापर्यंत तिने केलं, तेही तोंडातून एक वाकडा शब्द न काढता. मावशींना त्याचाच जास्त राग आला होता.

"एकदा नुसता अंगावर घालून जिना उतरली असतीस," त्या म्हणाल्या, "तरी हँगर सुलटा झाला असता. नियम काय फक्त माझ्यापुरता आहे का?"

"नाही," सून म्हणाली. "सगळ्यांना आहे."

तिने उश्या उघड्या केल्या, अभ्रे घडी घातले, मावशींच्या चिंध्यांच्या डब्यातून त्या निळसर लोकरीचा तुकडा न् तुकडा वेचून काढला आणि आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. त्या दिवसापासून सोफ्यावर नागड्या उश्या. पाहुणे विचारायचे, दोघींपैकी कुणीच उत्तर द्यायचं नाही.

रविवारी सकाळी मावशी शेंगा सोलत होत्या. सून त्यांच्या कपाटापाशी जाऊन उभी राहिली, हातात मावशींचीच मोठी कातर. दांडीवरून हँगर सरकत गेले, एक एक, टोकापर्यंत. मग अभ्रा निघाला.

"आई, हा काय म्हणायचा? कपडा की कापड?"

मावशींनी शेंगा बाजूला सारल्या. 'ते त्यांचं आहे, हात लावू नकोस' एवढं म्हटलं असतं तर सुनेने कातर खाली ठेवली असती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण ते म्हणायचं म्हणजे काही कोट उलट्या हँगरवरही कोटच असतात हे कबूल करायचं. मग त्या अभ्र्यांचं काय? नाही. ते त्यांच्या घशाखाली उतरेना.

"तपासणी वर्ष संपल्यावर असते," त्या म्हणाल्या. "आत्ता कुठे सुरू झालंय."

"तपासणी आता दर रविवारी. मला सुट्टी असते." सुनेने कोट परत टांगला, उलटाच, आणि त्याचा खांदा हाताने नीट केला. "पुढच्या रविवारी असाच दिसला तर मी कापणार. तुमच्याइतकं सफाईचं जमणार नाही मला. पायपुसणं जमेल."

सोमवारी जिन्यावरच्या लोकांना फुकटचा तमाशा मिळाला. कातरमावशी बाजाराला निघाल्या त्या नवऱ्याचा कोट घालून. कोट गुडघ्यापर्यंत, बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत. बाहेर लोक सावलीतून चालत होते.

नर्सबाई दारातच होती. "मावशी, ताप आहे का?"

"थंडी वाजते."

"कुठे?"

"तुझ्या घरी नसेल वाजत. माझ्या घरी वाजते."

खरं म्हणजे तो कोट मावशींनी एका दुपारी मापात आणला असता. बाह्या उचलायच्या, बगल थोडी आत घ्यायची, एवढंच काम. दुसऱ्याचा कपडा बघितला की ज्यांच्या बोटांना खाज सुटते त्या बाईने त्या कोटाचा एक दोरा हलवला नाही. घामाघूम होऊन यायच्या, कोट वाऱ्यावर धरायच्या, ब्रश मारायच्या आणि टांगायच्या. सुलटा. रविवारी सून कपाट उघडायची, बघायची, मिटायची. दोघींचं आठवड्यातलं सगळ्यात लांब संभाषण तेच.

इकडे सुनेने दुसरी आघाडी उघडली. रविवारी दुपारी ती मावशींच्या शिलाई मशीनवर बसू लागली, विचारल्याशिवाय. ते सगळे अभ्रे तिने उसवले होते आणि त्यांचा पुन्हा कोट करणार होती. मावशी आतल्या खोलीत आडव्या पडून नुसत्या आवाजावरून सगळं ओळखत. आत्ता सुईजवळची दाबपट्टी खाली घ्यायला विसरली. आत्ता खाली दोऱ्याचा गुंता झाला. आत्ता सुई मोडली, ती माझी जाड कापडाची सुई. त्यांनी उशीत तोंड घातलं पण एक शब्द सांगितला नाही. सून हट्टाने दात-ओठ खात शिवत राहिली. मुलाने एकदा विचारलं, "आईला विचारू का?" त्यावर दोन्ही खोल्यांतून एकदम उत्तर आलं, "नको." या लढाईत दोघींचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट.

अखेर कोट झाला. कोट म्हणायचा म्हणून म्हणायचा. जोड सगळे बाहेरून दिसत होते, काजं एका रेषेत नव्हती, आणि डावी बाही उजव्या बगलेत बसली होती, उजवी डावीत. बाहीला कोपराशी एक बाक असतो. तो आता मागच्या बाजूला वळला होता, त्यामुळे खांद्याखाली कापडाची मोळी जमायची. सून तो घालून ऑफिसला निघाली.

ऑफिसची बस आणि बाजाराची बस एकच. ऐन उन्हाळ्यात थांब्यावर दोन बायका लोकरी कोटात, मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर सोडून, दोघी समोर बघत. थांब्यावरच्या पेपरवाल्याने विचारलं, "गावाला निघालात का दोघी?" त्याला दोन्हीकडून अशी नजर मिळाली की त्याने पेपर चाळायला घेतला, विकायचं सोडून.

मावशींची खरी शिक्षा मात्र कोटातली उकड नव्हती, ती बाही होती. रोज, अगदी डोळ्यांसमोर. त्या बसच्या मागच्या बाकावर बसत, सून पुढे उभी असे, आणि दांडी धरायला हात वर गेला की ती मोळी वर चढायची. मावशींच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर आपोआप कातरीसारखी हलायची.

असं चाललं होतं, आणि मग कोपर गेलं.

नवऱ्याने तो कोट कधी झिजवला नव्हता, जपून घालायचा माणूस. मावशींनी काही महिन्यांत झिजवला. भाजीची पिशवी कोपरावर अडकवायची सवय, वर घाम, वर रोजचा ब्रश. एक दिवस बाजारातून आल्या आणि बघतात तर कोपराशी त्यांची स्वतःची कातडी दिसत होती. कापला जाऊ नये म्हणून घातला, आणि घालून घालून फाडला. त्या कोट मांडीवर घेऊन पलंगावर बसल्या.

मग डबा उपसला. पडदे होते, शर्ट होते, छत्री होती, मुलाच्या पहिलीतल्या गणवेशाची चड्डी होती. लोकर नव्हती. आधी त्यांनी रफू करून बघितलं, पण कापड असं विरलं होतं की सुईबरोबर धागेच सुटून यायचे. पातळ कापडाचं ठिगळ लावलं तर भोवतीचं फाटणार, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. जाड लोकरीचा तुकडा हवा होता. घरात तो एकीकडेच होता.

रविवारी सुनेने कपाट उघडलं आणि यावेळी मिटलं नाही.

"फाटलाय."

"डोळे आहेत मला."

"डबाभर चिंध्या आहेत की तुमच्याकडे."

"लोकर नाही."

"माझ्याकडे आहे." सूनबाई दांडीवर हात ठेवून उभी राहिली. "तुकडा देईन. आधी एवढं सांगा, त्या संध्याकाळी मी ज्याला टेकले ते काय होतं?"

"उशी."

"त्याच्या आधी."

मावशींनी पुढे होऊन कपाटाचं दार लावलं. सुनेचं बोट थोडक्यात वाचलं.

त्यानंतर मावशी कोपर हाताने झाकून बाजाराला जाऊ लागल्या. एका हाताने पिशवी, दुसऱ्याने भोक. भोक ऐकत नव्हतं, रोज थोडं थोडं वर सरकत होतं. असे आणखी काही दिवस गेले तर ठिगळाला धरायला जागा उरणार नाही, मग बाही जाईल, आणि मग सून म्हणते तसं पायपुसणंच. हे गणित मावशींनी दुसऱ्यांच्या कपड्यांवर हजार वेळा केलं होतं.

शेवटी थांब्यावरच त्या बोलल्या. पेपरवाला होता, नर्सबाई होती, रांग होती. समोर बघूनच बोलल्या.

"कोट होता तो."

सुनेने मान वळवली नाही. "काय म्हणालात?"

"ऐकलंस तू." मग, रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात, "तुझा कोट होता. चांगला कोट होता. मी कापला."

सुनेने पर्स उघडली. आतल्या कप्प्यातून निळसर लोकरीचा चौकोनी तुकडा काढला, कडा दुमडून टाचलेला, कोपराच्या बेताचा. कधीपासून पर्समध्ये होता कोण जाणे. मावशींच्या हातावर ठेवताना तिने आपली बोटं त्यांच्या बोटांना लागू दिली नाहीत.

मावशींनी तो अंगठ्याने चोळून बघितला, उजेडाला धरला आणि खिशात घातला. मग त्यांना राहवलं नाही.

"बाह्या उलट्या बसवल्यास."

"माहीत आहे."

"एका दुपारचं काम आहे. आण इकडे, मी..."

"हात लावायचा नाही," सून म्हणाली.

बस आली. सून पुढच्या दाराने चढली, मावशी मागच्या. मावशी नेहमीच्या बाकावर बसल्या, खिशातला तुकडा मुठीत धरून. पुढे सुनेने दांडी धरायला हात वर केला, आणि ती चुकीची बाही मोळी करून खांद्यावर चढली. बाजार येईपर्यंत ती तिथेच होती, आणि मावशींजवळ कातर नव्हती.