ताईच्या बी.ए.चे पिवळे तांदूळ

ताई आज सकाळी गेली. तिला हिरवी साडी नेसवायची की पांढरी, यावर घरात अजून एकमत नाही.

सवाष्ण नाही. विधवा नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईला कुमारिका म्हणायला भटजींचीही जीभ रेटेना.

सगळे माझ्याकडे पाहताहेत. मी धाकटी बहीण, ब्याऐंशीची. मला सगळं माहीत असणार म्हणे.

मला काहीच सुचत नाहीये. म्हणून मोबाइल घेऊन ताईच्या ओळखीच्या तुम्हा सगळ्यांना लिहीत बसले आहे.

असाच गोंधळ आमच्या घरात आधी एकदा झाला होता. अठ्ठावन्न साल असेल, नाहीतर एकोणसाठ. ताई बी.ए. झाली तेव्हा.

आमचं घर गोंदियाजवळ मुर्रीला, धानाची शेती. ताई गोंदियाच्या कॉलेजात जायची. पेपरात तिचा नंबर आला त्या दिवशी बाबूजी तो पेपर घेऊन गावभर फिरले आणि घरी येऊन म्हणाले, "पार्टी देतो."

गोंदियातल्या एका वकिलांनी मुलगा बी.ए. झाला म्हणून पार्टी दिली होती. बाबूजींनी ती रस्त्यावरून पाहिली होती. त्यांचा अनुभव तेवढाच.

मायनं विचारलं, "पार्टी मंजे काय असते जी?"

"लोकं येतेत, जेवतेत, आन जातेत."

"मंग तेरवीत काय करतेत?"

बाबूजींनी पेपर उलगडून पुन्हा घडी घातली.

आमच्याकडे तेरवीचं बोलावणं तोंडी असतं. लग्नाचं बोलावणं म्हणजे घरोघरी चिमूटभर पिवळे तांदूळ. पोरगी बी.ए. झाली तर काय द्यायचं, हे गावातल्या एकाही म्हाताऱ्याला सांगता येईना. त्याआधी कोणाची झालीच नव्हती.

"तोंडी सांगतलं त लोकायले वाटन कोनी मेलं," बाबूजी म्हणाले. "तांदूळच पाठवू."

मी पंधराची. तांदळाला हळद मीच चोळली.

ताई आत नागपूरचा फॉर्म भरत बसली होती, बी.टी.चा. तिला मास्तरीण व्हायचं होतं. बाहेर काय चाललंय याकडे तिचं लक्षच नव्हतं.

ऊन मी म्हणत होतं, म्हणून अंगणात जांभळाच्या फांद्यांचा मांडवही घातला.

आता तुम्हीच सांगा. पिवळे तांदूळ, मांडव, घरात एकवीस वर्षांची पोरगी. लोकांनी काय समजायचं?

पाहुणे लुगडी आणि पाणी भरायचे पितळी गुंड घेऊन आले. मामा तर बाशिंग घेऊन आला. लग्न लावणाऱ्या महाराजांना कोणी बोलावलंच नव्हतं, तेही पोथी घेऊन हजर.

"वरात कोठून येऊन राहिली?" मामानं बैलगाडीतून उतरता उतरताच विचारलं.

"वरात नाही गा. पार्टी आहे," बाबूजी म्हणाले.

"हो, पन नवरदेव कोनचा?"

तासभर हेच चाललं. पार्टी हे कोणत्या गावच्या नवरदेवाचं नाव आहे, असंही एका आजीनं विचारून घेतलं.

मग लांजीहून आलेले एक नात्यातले मोठे शेतकरी उठले. बरोबर त्यांचा मुलगा होता.

"मांडव आहे, सैपाक आहे, महाराज आहेत. माहा पोरगा आहे. आता कायले थांबता?"

लोकांनी माना डोलावल्या. मामानं बाशिंग पिशवीतून बाहेर काढलं. माय बाबूजींच्या कानाशी लागली, "लोकं हसतीन जी. होऊ द्या."

पोरगा दिसायला वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू. पण ताईचा फॉर्म फडताळात होता. बाबूजी हो म्हणाले असते तर तो तिथंच राहिला असता.

बाबूजी तर पार गोंधळून गेले होते. हातात तोच पेपर, घामानं ओला झालेला. शेवटी त्यांनी सगळ्यांसमोर ताईलाच विचारलं.

"तू काय म्हनतं, बाई?"

"मले नागपूरले जाचं आहे."

एवढंच बोलली.

बाबूजी महाराजांकडे वळले. "महाराज, म्हना तुमचं."

"दूल्हा कहाँ है जी? किसकी शादी लगाऊँ?"

"नसू द्या दूल्हा. लोकं अक्षता घेऊन आलेत. टाकू द्या माह्या पोरीवर."

महाराजांनी एकच मंगलाष्टक म्हटलं, तेही अडखळत. पाटावर ताई एकटी उभी, हातात तो पेपर. 'सावधान' झालं आणि अख्ख्या मांडवानं तिच्यावर अक्षता टाकल्या.

लांजीवाल्यांनी नाही टाकल्या. जेवले मात्र पोटभर.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. नागपूर, मग शाळा, अर्जुनी मोरगावपर्यंत बदल्या. तिनं लग्न केलं नाही. विषय काढला की म्हणायची, "माह्या अक्षता पडल्या ना एकदा? किती वेळा पाडता?"

एक गोष्ट मला आजही कळलेली नाही. गावातली अर्धी लग्नं जमवणाऱ्या बाबूजींना पिवळ्या तांदळाचा अर्थ कळत नव्हता? की तोंडी सांगितलं तर पोरीच्या बी.ए.साठी कोणी येणार नाही, हे त्यांना माहीत होतं?

ताईला एकदा विचारलं होतं. म्हणाली, "मलेबी नाही समजलं वो."

आता विचारायलाही कोणी उरलं नाही. फार एकटं वाटतंय.

साडीचं मी ठरवलं. हिरवी नाही, पांढरी नाही. शाळेच्या शेवटच्या दिवशी नेसली होती ती निळी.

मग स्वयंपाकघरात जाऊन परातीत तांदूळ घेतले आणि हळद चोळायला बसले. सून घाबरून म्हणाली, "आई, हे कशाला?"

मी म्हटलं, "पार्टीले."

आणि मग रडू आलं.

चार वाजता न्यायचं आहे. येणाऱ्यांनी दारातल्या परातीतून मूठभर घ्या.

जा ताई. तांदूळ मीच रंगवले आहेत.