बिनखुणेची नावं

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं मी विसरलो, पण दिवा गावातल्या त्या खोलीत सापडलेली वही काही केल्या विसरता येत नाही.

खबर खोलीमालकानेच आणली. परदेशी भाडेकरू ठेवला की पोलीस ठाण्यात कळवायचं असतं. ते सोडून हे महाशय सहा महिन्यांनी तक्रार घेऊन आले.

"साहेब, दर रविवारी त्याचे खोलीन चार-पाच मानसं जमतान. एक जण वहीतली नावा वाचतो, बाकीची मधीच उभी रातान, परत बसतान. काय चाल्लंय त्ये मना नाय कलत."

मलाही कळेना. रविवारी सकाळी आम्ही खोली गाठली. पंचांसमोर वही जप्त केली आणि भाडेकरूला चौकशीसाठी आणलं. पस्तिशीचा, सडपातळ माणूस. त्याच्या देशात वर्षानुवर्षं यादवी चाललेली. निर्वासित म्हणून त्याची रीतसर नोंद होती आणि हिंदी कामापुरतं येत होतं.

तो म्हणाला, वही त्याच्या वडिलांच्या पक्षाची आहे. शाळामास्तर आणि बंदरातल्या हमालांनी मिळून तो पक्ष काढला होता. दोन्हीकडच्या बंदूकवाल्यांना 'पुरे करा' म्हणणारा तेवढाच एक. पुढे एका बाजूची सत्ता आली, पक्षावर बंदी आली, कचेरी जाळली. वही तेवढी वाचली. तो पक्षाचा इतिहास लिहीत होता. रविवारी सभासदांची नावं वाचायची आणि मेलेल्याचं नाव आलं की उभं राहायचं, हा त्यांचा जुना रिवाज.

माझा विश्वास बसला नाही. असल्या कहाण्या मी रोज ऐकायचो. म्हटलं, भाषांतर करून घेऊ, खरंखोटं आपोआप कळेल. वहीच्या प्रती काढल्या आणि वरिष्ठांमार्फत त्याच्याच देशाच्या वकिलातीला पाठवायचं पत्र तयार केलं. हे ऐकताच तो माझे पाय धरायला आला.

"साहब, मुझे अंदर डालो. लेकिन वो किताब उधर मत भेजो."

एवढा घाबरला म्हणजे नक्कीच पाणी मुरतंय, असं मी ठरवून टाकलं. शहाणपणाचा मक्ता माझ्याकडेच होता ना!

पत्र जावकाला देणार, तेवढ्यात आमच्या कल्याणच्या हवालदारबाई पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. त्याला चहा देताना त्यांनी सहज चौकशी केली होती.

"साहेब, एक विचारू? वहीत काही नावांपुढे खूण आहे ना, ती माणसं मेलीत. बिनखुणेची अजून तिकडेच राहतात, गपचूप. आणि वकिलात कोणाची? ज्यांनी कचेरी जाळली त्यांचीच ना? मग आपण त्यांना यादी का पाठवतोय?"

पत्र मी तिथल्या तिथे फाडलं. ती भाषा जाणणारे एक निवृत्त प्राध्यापक डोंबिवलीत सापडले. त्यांना ठाण्यात बसवून वही वाचून घेतली. माणूस खरं बोलत होता. जबाब घेऊन प्रकरण बंद केलं, वही सहीनिशी परत दिली.

पुढे तिकडची सत्ता गेली, बंदी उठली. मी निवृत्त झाल्यावर तो वर्तकनगरला माझ्या घरी आला. सोबत पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ होते. "इनका नाम था उसमें," तो म्हणाला, "बिना निशान का."

मी लगेच हवालदारबाईंना बोलावून घेतलं. त्या येईपर्यंत पाहुण्यांना त्या पत्राचं सगळं खरं सांगून टाकलं. सांगताना लाज वाटली, पण लपवणं जास्त लाजिरवाणं झालं असतं. बाई आल्यावर गृहस्थांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. ते काय म्हणाले, ते तो हिंदीत सांगत गेला: बंदी उठली त्या वर्षी त्यांना नात झाली.

बाई संकोचल्या. "अहो, मी काय केलं? साहेबांना नुसतं विचारलं."

हाताखालच्या माणसाने प्रश्न विचारला की माझ्या कपाळाला आठी पडायची, हे सगळ्या ठाण्याला ठाऊक होतं. तरी बाईंनी विचारलं. म्हणून ते गृहस्थ माझ्या घरी बसून नातीचा फोटो दाखवत होते आणि मला त्यांच्याकडे बघता येत होतं. बाईंचे हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.