खुर्च्या ठेवायची जागा

गणपतीच्या कार्यक्रमाला जायचं म्हणून त्या शनिवारी मी सकाळपासून पाणी प्यायले नव्हते. एक कप चहा, तोही अर्धाच. दोन वर्षांपूर्वी माझ्या मज्जारज्जूला सूज आली आणि पायांतली ताकद गेली. व्हीलचेअर लोकांना दिसते. दिसत नाही ते हे, की लघवीची जाणीव मला फार उशिरा होते आणि झाली की हातात पाच-सात मिनिटं असतात. त्यामुळे कुठेही जायचं ठरलं की मी आधी टॉयलेटची चौकशी करते, बाकीचं मग.

तशी ती केली होती. आमच्या मंडळाची नवी सेक्रेटरी माझ्याहून बरीच लहान, नागपूरची, इथे इंग्लंडमध्ये आयटीत. तिचा फोन आला तेव्हा म्हणाली, "ताई, या वर्षी यायचंच हं. हॉलला रॅम्प आहे, मी स्वतः बघितलाय."

"आणि डिसेबल्ड टॉयलेट?"

"आहे ना. वेबसाइटवर फुल्ली ॲक्सेसिबल लिहिलंय."

मी पुढे काही विचारलं नाही. रीडिंग गावाबाहेरचा तो हॉल माझ्या पायाखालचा. आजारी पडण्याआधी सहा वर्षं मंडळाची सेक्रेटरी मीच होते.

रॅम्प मागच्या बाजूला होता, कचऱ्याच्या डब्यांना खेटून, आणि तो थेट किचनमध्ये उघडत होता. मसालेभाताचे ट्रे बाजूला सरकवून बायकांनी वाट करून दिली, आणि नवऱ्याने मला जेवणाबरोबरच आत नेलं. आत सगळ्यांना आनंद झाला, तो खोटा नव्हता. पण ज्या मैत्रिणीशी मी दर आठवड्याला तासभर फोनवर बोलायचे, तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्या डोक्यावरून नवऱ्याला विचारलं, "आता कशी आहे हिची तब्येत?"

आरती सुरू झाली आणि मला ती जाणीव झाली. मी नवऱ्याला खूण केली. तो मला कॉरिडॉरमध्ये घेऊन गेला, सोळा वर्षांची लेक मागोमाग आली. दारावर व्हीलचेअरचं निळं चित्र होतं. नवऱ्याने दार उघडलं, तर आत छातीपर्यंत प्लास्टिकच्या खुर्च्या. त्यांच्या मागे गेल्या वर्षीचं मखर, लेझीमची दोन खोकी, पोछ्याची बादली. आधाराच्या दांडीवर मंडळाचा बॅनर घडी घालून टाकलेला.

नवरा खुर्च्या ओढायला लागला. लेक धावत हॉलमध्ये गेली. चार-पाच पुरुष आरती सोडून आले आणि टाळ्यांचा आवाज विरळ होत गेला.

"वहिनी, बायकांच्या टॉयलेटमध्ये नाही का जमणार? आम्ही बाहेर उभे राहतो," एकाने विचारलं.

"व्हीलचेअर त्या दारातून जात नाही."

"मग उचलून नेऊ का?"

"नको," मी म्हटलं. मला जास्त बोलायचं नव्हतं, कारण सगळं लक्ष एकाच ठिकाणी लावून मी बसले होते. खुर्च्या एकमेकांत अडकल्या होत्या. ते त्या हिसकून काढत होते, भिंतीला टेकवत होते. निम्म्या बाहेर आल्या असतील. तेवढ्यात माझं झालं.

नारायणपेठ साडी होती. आधी कोणाला कळलं नाही. मग जमिनीवर दिसलं, आणि सगळे एकदम खुर्च्यांकडे बघायला लागले. आमच्यात एक रिटायर्ड डॉक्टरकाका आहेत, तरुणपणी इथल्या हॉस्पिटलांत काम करायला आलेले. ते खाली वाकून म्हणाले, "काही वाटून घेऊ नका हो. आम्ही वॉर्डात जन्मभर हेच बघितलंय." त्यांनी चांगल्या मनाने म्हटलं. पण मी वॉर्डात नव्हते. मी माझ्या माणसांच्या गणपतीला आले होते.

उरलेल्या खुर्च्या निघाल्यावर लेकीने मला आत नेलं आणि दार लावलं. बॅगेत जादाची पँट असते, ती तिने मला चढवली. मग वर बघून म्हणाली, "आई, ही लाल दोरी वर कोणी बांधली?"

आपत्कालीन घंटेची ती दोरी जमिनीपर्यंत लोंबायला हवी. पडलेल्या माणसाच्या हाताला लागावी म्हणून. ती छताजवळ गाठी मारून टाकली होती.

"मी," मी म्हटलं.

मुलं येता-जाता ती ओढायची, घंटा वाजायची, हॉलचा केअरटेकर दोनदा रागावला होता. तेव्हा मी स्टुलावर चढून तिला तीन गाठी मारल्या होत्या. खुर्च्यांचंही तेच. त्या कुठे ठेवायच्या असं पहिल्या वर्षी कोणीतरी विचारलं, तेव्हा मीच म्हटलं होतं, "तिकडे टॉयलेटमध्ये ठेवा, तिथे कोण जातंय." आणि हे मी बोलत होते तेव्हा माझी नोकरी कसली होती? वेबसाइट अपंगांना वापरता येतात की नाही हे तपासायची. आजही तीच आहे. नियम मला तोंडपाठ होते.

बाहेरून एक खुर्ची आणून लेक तिच्यावर चढली आणि तिने गाठी सोडवून बघितल्या. त्या सुटल्या नाहीत. आम्ही किचनमधूनच बाहेर पडलो. कोणीतरी नवऱ्याच्या हातात प्रसादाचा डबा दिला.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी घरी आली. तिचे डोळे सुजलेले होते. "ताई, कोणाच्या लक्षातच आलं नाही," ती म्हणाली. मला राहवलं नाही. मी तिला सांगितलं की ही पद्धत मी पाडली. मला वाटलं ती गप्प होईल, निदान चिडेल. तिचा चेहरा मोकळा झाला.

"म्हणजे हे आधीपासूनचंच आहे," ती म्हणाली. चहा तिने आरामात घेतला.

दिवाळीसाठी मी एका शाळेचा हॉल सुचवला. तिथे पुढच्या दारातूनच आत जाता येतं. कमिटीत चर्चा झाली म्हणे. पार्किंग कमी आहे आणि सगळ्यांना जुना हॉल सवयीचा आहे, असं ठरलं. "तुमच्यासाठी झूमची लिंक ठेवू," असा मेसेज आला, खाली दिव्याचं चित्र. मी जुन्या हॉलच्या ऑफिसलाही लिहिलं. त्यांचं नम्र उत्तर आलं: टॉयलेटची सगळी मापं नियमाप्रमाणे आहेत, भाड्याने घेणारे लोक आत काय ठेवतात ही त्यांची जबाबदारी. चूक असं त्यात काहीच नव्हतं.

दिवाळीला नवरा गेला, त्याचं एकांकिकेत काम होतं. लेक गेली नाही. मी लिंक उघडली नाही.

त्या आठवड्यात मला एक आजी आठवल्या. एका डॉक्टरांच्या आई, व्हीलचेअरवर असायच्या. मी सेक्रेटरी असताना एकदा गणपतीला आल्या आणि जेवण व्हायच्या आत निघून गेल्या. पुन्हा कधी आल्या नाहीत. दोन वर्षांनी मी त्या घराचं नाव यादीतून काढलं, कारण वर्गणी आली नव्हती. का येत नाहीत, हे मी विचारलं नव्हतं.

ते कुटुंब आता क्रॉयडनला असतं. नंबर शोधून मी फोन केला. सूनबाईंनी उचलला.

"सासूबाई जाऊन चार वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "का हो?"

मी त्या दिवसाबद्दल विचारलं.

"काही सांगितलं नाही त्यांनी. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाल्या, मला पुन्हा आणू नका. आम्हाला वाटलं, गर्दी आवडली नसेल."

मी त्यांना खुर्च्यांचं सांगितलं, त्या तिथे मीच ठेवायला लावल्या होत्या हेही, आणि या गणपतीत माझं काय झालं तेही. मग त्या म्हणाल्या, "बरं," आणि फोन ठेवला.